जपानसाठी ५० गोल, प्रीमियर लीगचं मेडल, तरी ओकाझाकी कागावा-होंडाइतका लाडका का नाही झाला?

पेठेतला विंगर
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. ऑफिसात फुटबॉल म्हटलं की मेस्सी-रोनाल्डोच्या पुढे गाडी जात नाही, आणि जपानी खेळाडू विचारला तर हल्लीची पोरं मितोमा नाहीतर कुबो म्हणतात, माझ्या वयाचा कोणी असेल तर नाकाता. शिंजी ओकाझाकी म्हटलं तर समोरचा लगेच "म्हणजे कागावा ना?" असं विचारतो. त्याचाही काय दोष, दोघांचं नाव शिंजी, दोघं जपानच्या एकाच ह्योगो प्रांतातले, कागावा कोबेचा आणि हा शेजारच्या ताकाराझुकाचा. पण शिंजी म्हटल्यावर डोळ्यासमोर येतो तो कागावाच.

आता आकडे बघा. जपानच्या राष्ट्रीय टीमसाठी सगळ्यात जास्त गोल कामामोतोचे, ७५. मग काझु मिउरा ५५. आणि तिसरा हा आपला ओकाझाकी, ११९ मॅच आणि ५० गोल. होंडाचे ९८ मॅचमधे ३७, कागावाचे ९७ मधे ३१. तीन वर्ल्डकप खेळला, २०११ चा आशियाई कप जिंकला (त्यात सौदीविरुद्ध हॅटट्रिक), जर्मनीत माइन्झकडून २०१३-१४ च्या एका सीझनमधे १५ गोल मारून त्यानं कागावाचा १३ चा जपानी विक्रम मोडला, आणि २०१६ ला लेस्टर या क्लबबरोबर प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकली. ज्या टीमवर सीझनच्या सुरुवातीला बुकी लोक एकास पाच हजार देत होते त्या टीममधे तो ३६ लीग मॅच खेळला. नुसता बेंचवर बसून मेडल नाही घेतलं त्यानं.

एवढं असूनही त्या लेस्टरची गोष्ट कोणी सांगायला लागला की वार्डी, महरेझ, कांटे, मग मॅनेजर रानिएरी, मग कॅप्टन मॉर्गन, मग गोलकीपर श्मायकल आणि त्याचे वडील, आणि शेवटी कधीतरी "हां, तो एक जपानी पण होता". मला हे मनापासून लागतं. मी स्वतः कॉलेजात विंगवर खेळायचो, फार भारी नव्हतो, पण पळायचो भरपूर, त्यामुळे बॉल पायात नसताना पळणं म्हणजे काय असतं ते मला माहितीये. नव्वद मिनिटातली बहुतेक मिनिटं बॉल तुमच्याकडे नसतोच हो, कोणाहीकडे नसतो, एका वेळी बावीस जणांतल्या एकाकडेच असतो. आणि कॅमेरा कायम त्या एकावर.

माझं म्हणणं इतकंच की लोकप्रियता बॉलच्या मागे जाते, आणि ओकाझाकीचं सगळं काम बॉलपासून लांब चालायचं. तुम्हाला काय वाटतं? जपानमधे राहणारे कोणी इथे असतील तर तिथे खरंच काय परिस्थिती आहे तेही सांगा.

पिवळी भिंत
विषय छान आहे पण कागावाला उगाच मधे आणलंत म्हणून लिहावंच लागतंय. मी २०१० पासून जर्मनीच्या डॉर्टमुंडचा फॅन आहे. ओसाकाच्या सेरेझोमधून तो साडेतीन लाख युरोत आला, एवढ्यात त्या लेव्हलचा खेळाडू मिळणं म्हणजे फुकटच म्हणायला पाहिजे, आणि आल्या आल्या २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग. मग मँचेस्टर युनायटेड. फर्ग्युसनच्या शेवटच्या सीझनला प्रीमियर लीग जिंकणारा पहिला जपानी तो, मार्च २०१३ ला नॉर्विचविरुद्ध हॅटट्रिक मारली ती प्रीमियर लीगमधली कोणाही आशियाई खेळाडूची पहिली. हे सगळं ओकाझाकी इंग्लंडला पोचायच्या आधीचं आहे.

आणि लोकप्रियता नुसती गोल मोजून मिळत नाही हो. कागावा बॉल घेताना अंगाचा जो झोका द्यायचा, दोन डिफेंडरच्या मधे अर्ध्या पावलाच्या जागेत वळायचा, ते बघायला लोक मॅच लावायचे. होंडाचं वेगळं, तो जानेवारी २०१४ ला एसी मिलानला गेला तो थेट १० नंबरची जर्सी मागून घेऊन, केस रंगवलेले, काळा गॉगल, बोलणं एकदम ठाम. माणूस आवडो न आवडो नजर हटत नाही. त्याच पिढीतला उचिदा, शाल्केचा राइट बॅक, त्याच्यासाठी जपानी मुलींची झुंबड उडायची कारण दिसायला देखणा. यात अन्याय काय आहे? गाणाऱ्यांतही तयारीचे खूप असतात, पण लोक ज्याच्या आवाजात काहीतरी लागतं त्याच्याकडेच जातात.

ओकाझाकीबद्दल आदर आहेच. पण "लाडका का नाही" याचं उत्तर सोपं आहे असं मला वाटतं, त्याच्याकडे बघत राहावं असं काही नव्हतं.

अनुजा वा
धागा आवडला. मी फुटबॉल मुलीमुळे बघायला लागले, ती बारा वर्षांची आहे, सोसायटीतल्या टीममधे खेळते. एक साधा प्रश्न, तो फॉरवर्ड होता ना? मग त्या जिंकलेल्या सीझनमधे त्याचे गोल फक्त ५ दिसतायत. फॉरवर्डनं गोल नाही केले तर तो मैदानावर करतो काय?

पेठेतला विंगर
अनुजाताई, अगदी मुद्द्याचं विचारलंत.

लेस्टर चार-चार-दोन खेळायची, पुढे दोघं, वार्डी आणि त्याच्या किंचित मागे ओकाझाकी. समोरच्या टीमच्या सेंटर बॅककडे (मधल्या डिफेंडरकडे) बॉल आला की वार्डी त्याच्या अंगावर धावून जायचा, हे टीव्हीवर दिसतं. पण सेंटर बॅकला सुटका करून घ्यायची असेल तर मधे उभ्या असलेल्या मिडफिल्डरला पास द्यायचा असतो, आणि ओकाझाकी नेमका त्या मिडफिल्डरच्या वाटेत उभा असायचा. उभा म्हणजे थांबून नाही, सारखा मागेपुढे, एका क्षणी मिडफिल्डरच्या समोर, पुढच्या क्षणी वळून दुसऱ्या सेंटर बॅकच्या अंगावर, परत मागे. मधली वाट बंद म्हटल्यावर बॉल साइडला जायचा नाहीतर घाईत लांब मारला जायचा, आणि तिथे कांटे, ड्रिंकवॉटर, ऑलब्रायटन टपूनच बसलेले. बॉल हिसकावला की एक लांब पास वार्डीच्या पुढे. वार्डीचे त्या सीझनला २४ गोल झाले, त्यातल्या कितीतरी गोलांची सुरुवात अशीच आहे, ओकाझाकीनं एक पास बंद केला म्हणून, आणि ही गोष्ट कुठल्याच आकड्यात येत नाही कारण त्यानं बॉलला पायच लावलेला नसतो.

हे सगळं इतक्या वेगात करायचं म्हटल्यावर माणूस साठ-सत्तर मिनिटांत रिकामा होणार. म्हणून रानिएरी त्याला बहुतेक मॅचमधे तेवढ्यात बाहेर काढायचा आणि उयोआला पाठवायचा. म्हणजे बघा, शेवटची वीस मिनिटं, जिथे मॅच फिरते, जिथे लोक उभे राहून ओरडत असतात, तेव्हा हा ट्रॅकसूट घालून बेंचवर. लक्षात राहणार तरी कसा?

आणि जे ५ मारले तेही बघा. वेस्ट हॅम, न्यूकॅसल, एव्हर्टन, व्हिला, परत न्यूकॅसल. हा शेवटचा १४ मार्च २०१६ चा, वार्डीनं डोक्यानं ढकललेला बॉल, गोलकडे पाठ, आणि यानं हवेत उलटं होऊन मारला. मॅच १-० सुटली, बाकी एकही गोल नाही, आणि आठ मॅच राहिलेल्या असताना लेस्टर पाच पॉइंटनी पुढे गेली. पिवळी भिंत, "बघत राहावं असं काही नव्हतं" म्हणालात ना, हा गोल एकदा बघा.

बेलग्रेव्ह रोड
इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोच. मी २०१४ ते १७ लेस्टरला होतो. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर गेलं की आपण गुजरातेत आहोत असंच वाटतं, मिठाईची दुकानं, सराफ, साडीची दुकानं, दिवाळीला रस्ताभर लाइटिंग. मराठी माणसं त्या मानानं कमी, आम्ही चार-पाच घरं. त्या सीझनच्या आधी आमच्या ओळखीतलं कोणी स्टेडियमला फारसं जात नव्हतं, क्रिकेटवालेच सगळे. डिसेंबरपासून हळूहळू सगळं बदललं. दुकानांत निळे झेंडे लागले, फरसाणवाल्या काकांकडे स्कोअर विचारल्याशिवाय गिऱ्हाईक हलेना.

मला तीन मॅचची तिकिटं मिळाली त्या वर्षी, नशीबच म्हणायचं. टीव्हीवर कधी दिसलं नाही ते स्टेडियममधे दिसलं, कारण तिथे कुठे बघायचं ते आपणच ठरवतो. माझ्या शेजारच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ होते, साठच्या दशकापासून येणारे. पहिल्या दहा मिनिटांत ते मला म्हणाले की बॉल बघू नकोस, त्या वीस नंबरवाल्याला बघ. वीस नंबर ओकाझाकीचा. मी बघितलं आणि खरं सांगतो, दमलो नुसतं बघून. एकदा तर त्यानं उजवीकडून धावत जाऊन बॉल अडवला, पडला, उठला, आणि सात-आठ सेकंदांत डाव्या बाजूला दुसऱ्याच्या अंगावर. आणि जेव्हा त्याला बाहेर काढायचे ना, सत्तराव्या मिनिटाच्या आसपास, तेव्हा अख्खं स्टँड उभं राहून टाळ्या वाजवायचं. अगदी मनापासून, दर वेळी. ते टाळ्यांचे काही सेकंद टीव्हीवर येतच नाहीत, तिथे रिप्ले दाखवतात.

गाणी म्हणाल तर वार्डीची, महरेझची, हे खरंच. २ मे ला चेल्सी आणि टॉटनहॅमची २-२ बरोबरी झाली आणि आम्ही चॅम्पियन झालो, तेव्हा रस्त्यावर वार्डीचंच नाव होतं. १६ मे च्या मिरवणुकीला आम्ही सकाळपासून जागा धरून होतो, व्हिक्टोरिया पार्क फुलून गेलेलं. त्या गर्दीत जपानची निळी जर्सी घातलेलं एक कुटुंब भेटलं, आजी-आजोबांसकट. फक्त ही बस बघायला जपानहून आलेले. इंग्रजी जेमतेम, पण आजीबाईंनी छातीवर हात ठेवून "ओकाझाकी" म्हटलं आणि डोळे पुसले. आता सांगा, हा लाडका नव्हता असं कसं म्हणायचं?

निशीकासाई
धागाकर्त्यांनी जपानवाल्यांना हाक मारली म्हणून आले. मी तोक्योत निशी-कासाईला राहते, अकरा वर्षं झाली. फुटबॉलमधलं तंत्र मला कळत नाही पण इथल्या लोकांचं बोलणं कळतं, तेवढ्यापुरतं लिहिते.

तुम्ही ज्याला लोकप्रियता म्हणताय ती इथे दोन प्रकारची दिसते. होंडा, नाकाता हे लोक मैदानाबाहेरही पोचलेले, नाकाता तर २००६ ला ऐन २९ व्या वर्षी खेळ सोडून निघून गेला तरी फॅशनवाल्यांना, साकेवाल्यांना सगळ्यांना माहीत. माझ्या सासूबाई कधी मॅच बघत नाहीत पण नाकाता आणि काझु माहितीयेत त्यांना. ओकाझाकी त्या यादीत नाही, हे मान्य.

पण त्याच्यासाठी इथले लोक एक शब्द वापरतात, दोरोकुसाई. शब्दशः म्हणजे चिखलाचा वास येणारा. ऐकायला शिवी वाटेल पण फुटबॉलमधे ती शाबासकी आहे. धक्काबुक्की करून, पडून, घासून, कसाही करून मारलेला गोल म्हणजे दोरोकुसाई गोल. ओकाझाकीचं स्वतःचं ब्रीदच होतं "जन्मभर डायव्हिंग हेडर". पायानं मारता येईल अशा उंचीचा बॉलसुद्धा तो डोकं खाली घालून, अंग झोकून मारायचा. दुसरा एक वाक्प्रचार आहे, एन नो शिता नो चिकारामोची. जुन्या जपानी घरांना बाहेरून लाकडी ओसरी असते, त्या ओसरीच्या खाली उभा राहून घर उचलून धरणारा पैलवान, तो कोणाला दिसत नाही. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला मी काल मुद्दाम विचारलं की ओकाझाकी कसा वाटतो, तर त्यानं हेच दोन्ही शब्द वापरले, एकापाठोपाठ.

हा सहकारी शिझुओकाचा, शिमिझूचा. तिथल्या एस-पल्स क्लबमधे ओकाझाकी २००५ ला शाळा संपवून आला तेव्हा फॉरवर्डच्या रांगेत आठवा होता म्हणे. आठवा! पळण्यात मंद, उंची बेताची, बॉल पायात टिकत नाही. मग त्यानं धावण्याचा वेगळा कोच धरला आणि पाऊल कसं टाकायचं इथपासून शिकला, वीस वर्षांचा झाल्यावर. २००९ मधे ताश्कंदला उझबेकिस्तानविरुद्ध त्याच्याच एका गोलवर जपान २०१० च्या वर्ल्डकपला पोचला, आणि तोही असाच, पहिला शॉट गोलकीपरनं अडवला, परत आलेल्या बॉलवर हा डोकं घेऊन पडला. शिमिझूत नारिंगी जर्सीवाल्या लोकांना विचारा, त्यांच्यासाठी तो घरचा मुलगा आहे. देशभर ओळख असणं आणि एका गावानं आपलं मानणं, यात मोठं काय हे मला सांगता येणार नाही.

बालेवाडी ईस्ट स्टँड
निशीकासाई, शेवटचं वाक्य वाचून मला एकदम अराता आठवला. इथे किती जणांना आठवतोय? अराता इझुमी, आपल्या पुणे एफसीचा.

जन्म जपानच्या यामागुचीतला, आई जपानी, वडील मूळचे भारतीय. २००६ ला भारतात आला, आधी ईस्ट बंगाल, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला, आणि तिथून पुण्याला. आम्ही चार मित्र बालेवाडीला जायचो, स्टेडियम केवढं मोठं आणि माणसं मोजकी, पण आमच्यासाठी तो हिरो होता. मधल्या फळीतून बॉल घेऊन निघाला की आम्ही उठून उभे. २०१२-१३ ला पुणे एफसी आय-लीगमधे, म्हणजे भारताच्या तेव्हाच्या मुख्य लीगमधे, दुसरी आली, चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल, पुण्याला फुटबॉलमधे एवढं मोठं काही मिळालेलं मी तरी बघितलं नव्हतं. आणि याच सुमारास त्यानं जपानी नागरिकत्व सोडलं, भारताकडून खेळता यावं म्हणून. जपानला दोन पासपोर्ट चालत नाहीत आणि आपल्यालाही नाहीत. २०१३ मधे तो निळ्या जर्सीत भारताकडून उतरला.

जपानमधे त्याला रस्त्यावर कोणी ओळखत असेल असं वाटत नाही. पण मी त्याचं नाव घेतलं की आमच्या ग्रुपवर अजून दहा मेसेज येतात. तसाच तो कात्सुमी युसा, सुरुवातीला मुंबईत ओएनजीसीकडून खेळला आणि मग मोहन बागानला गेला, २०१४-१५ ची आय-लीग जिंकली तेव्हा कोलकात्यात लोकांनी त्याला डोक्यावर घेतलेलं. दोघंही पळणारे, घाम गाळणारे, बॉल गेला की लगेच मागे धावणारे. म्हणून विंगर साहेब, मला वाटतं असा खेळाडू जिथे रोज खेळतो तिथल्या लोकांनाच कळतो. लांबून, हायलाइट्समधून, कळायचा नाही.

गोल मोजा
सगळे एका बाजूनं लिहितायत म्हणून दुसरी बाजू. फॉरवर्डचं काम गोल. पाच गोल कमी ते कमीच, आणि हे ओकाझाकीलाही पटायचं, लेस्टरमधे असताना मुलाखतींमधे तो हेच बोलायचा की मला गोल करायचेत, एवढ्यावर माझं समाधान नाही. आपण त्याला मेहनती मेहनती म्हणत राहतो, पण त्याला स्वतःला स्ट्रायकर म्हणून ओळख हवी होती. मेहनतीचं कौतुक करून आपण त्याच्या गोलांकडे दुर्लक्ष करतोय असं नाही का? जपानचे ५० गोल काय मेहनतीचं बक्षीस म्हणून मिळतात? त्याला जागा कळायची, डिफेंडरच्या पाठीमागून वेळेवर निसटायचं कळायचं. ते कौशल्य आहे, कष्ट नाही.

पेठेतला विंगर
गोल मोजा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि तुमचं बरोबर आहे. मीसुद्धा धागा काढताना पळण्यावरच अडकलो. आशियाई खेळाडू म्हटला की "मेहनती, शिस्तीचा, टीमसाठी खेळणारा" हे शब्द आपोआप येतात आणि त्याची हुशारी बाजूला राहते. लेस्टर सोडल्यावर २०१९ ला तो स्पेनला गेला तोही याच हट्टानं, ३३ व्या वर्षी, दुसऱ्या डिव्हिजनला. आधी मालागानं घेतलं पण पगाराच्या मर्यादेत त्याची नोंदणीच होऊ शकली नाही, करार रद्द. मग वेस्काला गेला आणि १२ गोल मारले, टीम सेगुंदा (तीच दुसरी डिव्हिजन) जिंकून ला लीगाला, म्हणजे पहिल्या डिव्हिजनला चढली. तिथे त्याला कोणी वार्डीचा मदतनीस नाही म्हणालं.

आता एक गंमत सांगतो, जी हा धागा लिहिताना तारखा तपासल्या तेव्हा सापडली. २४ जून.

२४ जून २०१०, रुस्टेनबर्ग, जपान-डेन्मार्क. सगळ्यांना आठवतात होंडाची आणि एन्डोची फ्री किक. मॅच ३-१ सुटली, तिसरा गोल ओकाझाकीचा, होंडानं आत वळून बॉल दिला आणि हा रिकाम्या गोलसमोर अगदी हव्या त्या जागी होता.

२४ जून २०१४, कुयाबा, जपान-कोलंबिया. पहिला हाफ संपता संपता होंडाचा क्रॉस आणि ओकाझाकीचा डायव्हिंग हेडर, १-१. पुढे जपान १-४ हरला, बाहेर पडला, त्यामुळे लोकांना आठवतो तो हामेस रोड्रिगेज.

२४ जून २०१८, येकातेरिनबर्ग, जपान-सेनेगल. १-२ मागे असताना हा बदली म्हणून आला. क्रॉस आला, गोलकीपर बॉल पकडायला बाहेर निघाला आणि ओकाझाकी बरोबर त्याच वेळी त्याच जागी झेपावला. दोघं एकमेकांवर आदळले, बॉल सुटला, इनुईकडे गेला, त्यानं मागे दिला आणि होंडानं मारला. २-२. तीन वर्ल्डकपमधे गोल करणारा खेळाडू म्हणून त्या दिवशी होंडाचं नाव सगळीकडे होतं, आणि ते योग्यच आहे, पण रिप्ले बघा, होंडा शॉट मारतो तेव्हा एक माणूस गोलच्या तोंडाशी जमिनीवर पडलेला आहे.

आठ वर्षं, तीन वर्ल्डकप, एकच तारीख, आणि तिन्ही वेळा हा तिथे होता. सेनेगलच्या मॅचनंतर चार दिवसांनी पोलंडविरुद्ध त्याला पहिल्यापासून उतरवला आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच दुखापतीनं बाहेर जावं लागलं. वर्ल्डकपमधलं त्याचं शेवटचं दर्शन ते.

निशीकासाई
२०१८ चा विषय निघालाय म्हणून एक भर घालते. त्या वर्ल्डकपला इथे सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य होतं, "ओसाको हान्पा-नाई", म्हणजे ओसाको काही साधासुधा नाही, जबरदस्त आहे. टी-शर्टवर, टीव्हीवर, शाळेतल्या पोरांच्या तोंडी. ओसाको म्हणजे ज्यानं कोलंबियाविरुद्ध विजयी गोल मारला तो, आणि ओकाझाकीच्या जागेवर पुढे जो खेळायला लागला तोही तोच. हे वाक्य मुळात २००९ च्या जानेवारीत शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हरलेल्या टीमच्या कॅप्टननं रडत रडत म्हटलेलं, कॅमेऱ्यासमोर. ती हरलेली शाळा होती ताकिगावा दाइनी. ओकाझाकीची शाळा.

पिवळी भिंत
न्यूकॅसलचा गोल बघितला. चार वेळा. तो उलटा होतो तेव्हा त्याच्या मागे डिफेंडर आहे आणि बॉल त्याच्या डोक्यावरून जायच्या बेतात आहे, अशा वेळी तिथून गोल होऊ शकतो हे सुचायलाच वेगळं डोकं लागतं. माझे शब्द मागे घेतो.

सेनेगलवालाही बघितला. मी २०१८ ला ही मॅच मित्रांबरोबर लाइव्ह बघितलेली आणि मला होंडा आठवतो, इनुई आठवतो, आम्ही ओरडलो ते आठवतं, पण गोलकीपरला कोण धडकलं ते अजिबात आठवत नव्हतं. कागावा त्याच्या थोडंच आधी बाहेर गेलेला, होंडा त्याच्याच जागी आलेला, मी कदाचित त्या रागात असेन. कागावा माझा अजूनही पहिला, ते काही बदलणार नाही. पण शिंजी दोन होते हे इथून पुढे सांगेन.

बेलग्रेव्ह रोड
क्लब ब्रूजविरुद्धचा पण बघून ठेवा मग, नोव्हेंबर २०१६, चॅम्पियन्स लीग, आमच्याच मैदानावर, पाचव्या मिनिटाला. लेस्टर चॅम्पियन्स लीगमधे आणि ओकाझाकीचा गोल, मी स्टँडमधे होतो, हात गार पडलेले आणि शेजारी तेच म्हातारे गृहस्थ. त्यांनी माझा खांदा इतका जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता.

अनुजा वा
धाग्याचा खरंच उपयोग झाला. काल रात्री मुलीबरोबर लेस्टरची एक जुनी पूर्ण मॅच लावली, हायलाइट्स नाही, पूर्ण. तिला सांगितलं की आज बॉल बघायचा नाही, वीस नंबर बघायचा. सुरुवातीला कंटाळली. मग वीस मिनिटांनी स्वतःच सांगायला लागली, आई तो बघ आता मधे गेला, आता त्याला पास देता येणार नाही बघ, बघ मारला बाहेर. पासष्टाव्या मिनिटाच्या सुमारास त्याला काढलं तर चिडली, म्हणाली आता कोण बघायचं?

तिला तिचे सर मागे खेळवतात आणि तिला पुढे खेळायचंय, यावरून घरात रोज वाद. तो आठव्या नंबरचा फॉरवर्ड होता आणि पळायला नव्यानं शिकला हे मी तिला सांगितलंय. निशीकासाई, त्या पळायला शिकण्याबद्दल अजून काही माहिती असेल तर लिहा ना, तुमच्या सहकाऱ्याला विचारून. नेमकं काय बदललं त्यानं, पाऊल टाकण्यात?

निशीकासाई
विचारते सोमवारी. तो स्वतः शाळेत खेळलेला आहे, त्याला नक्की सांगता येईल. आणि मुलीला सांगा, ओकाझाकी २०२४ ला खेळायचा थांबला, गुडघा ऐकेना म्हणून, बेल्जियमच्या सिंट-ट्रुइडनमधे. मग जर्मनीत माइन्झला बासारा नावाच्या छोट्या क्लबचा कोच झाला. खूप खालच्या डिव्हिजनमधे, अगदी साध्या मैदानांवर.